पालकांनी हात मागे घ्यावेत

लहान मुलांना गप्प बसवणं सोपं असतं. चाळिशीच्या माणसाला त्याच्याच मुलासमोर हात मागे बांधून उभं करणं किती कठीण आहे, हे ज्याने कधी केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. बालाघाटला माझ्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये दर रविवारी सकाळी मी हाच उद्योग करते. लोक त्याला विज्ञानाची कार्यशाळा म्हणतात. शेजारच्या काकू त्याला रिकामपणाचे चाळे म्हणतात. "रिटायर झाल्या न मॅडम, आता आराम करा. काहून लोकाइचे पोट्टे जमा करून राह्यल्या?" असं त्या भिंतीवरून विचारतात आणि थोड्या वेळाने काय चाललंय ते बघायला त्याच भिंतीवरून वाकतात.

माझ्याकडे येणारी मुलं शाळेत जात नाहीत. ती आजारी नाहीत, गरीब नाहीत, त्यांना कुणी शाळेतून काढलेलंही नाही. आईवडिलांनीच विचार करून त्यांना घातलेलं नाही. ते घरीच शिकवतात. मुलांना शाळेत आणण्यासाठी ज्या जिल्ह्यात आम्ही मास्तर लोक उन्हातान्हात घरोघरी फिरलो, तिथेच काही शिकलीसवरलेली माणसं मुलांना मुद्दाम घरी ठेवतात, हे मला निवृत्त होईपर्यंत माहीत नव्हतं. कळलं तेव्हा आधी रागच आला. आयुष्यभर पोळ्या लाटाव्यात आणि शेवटी कुणीतरी सांगावं की आम्ही गहूच सोडले, तसं काहीसं वाटलं. पण माझी एक जुनी विद्यार्थिनी आपल्या मुलाला घेऊन आली आणि म्हणाली की मॅडम, बाकी सगळं मी घरी शिकवते, पण प्रयोगाचं मला भेव वाटते. शिक्षकाला कुणी गरज दाखवली की त्याचा राग फार टिकत नाही. पुढच्या रविवारी दोन कुटुंबं आली आणि पावसाळ्यापर्यंत शेड भरायला लागली.

या कामाला सामान फारसं लागत नाही. व्हिनेगर, खायचा सोडा, हळद लावून वाळवलेले कागद, जुन्या स्पीकरमधली लोहचुंबकं, काही काचेच्या नळ्या. खरी मेख सामानात नाहीच. प्रयोग निदान एकदा चुकला पाहिजे. मुलाने स्वतःच्या हाताने चुकवला तर ते आपसूक विचारतं, असं का झालं? मोठ्या माणसाने चुकण्याआधीच दुरुस्त केला, तर विचारण्यासारखं काही उरत नाही आणि मूल भिंतीवरची पाल बघत बसतं. म्हणून माझ्या शेडमध्ये नियम एकच, आणि तो दारावर खडूने लिहिलाय: पालकांनी हात मागे घ्यावेत.

हा शहाणपणा मी शाळेतून आणला असं कुणी समजू नये. शाळेत माझी ख्याती वेगळीच होती. प्रयोगशाळा माझ्या ताब्यात असेपर्यंत तिथली एकही परीक्षानळी फुटली नाही. निरोप समारंभात मुख्याध्यापकांनी शाल देताना याचा खास उल्लेख केला, टाळ्या पडल्या, आणि मी मान खाली घालून हसले. ती शाल अजून आहे.

पहिल्या वर्षापासून किरण नावाची एक आई येते. शाळा मुलांना यंत्र बनवते, असं तिचं ठाम मत होतं, म्हणून तिने अथर्वला घरी ठेवलं. घरी काय शिकवतेस असं मी सहज विचारलं, तर कळलं की बरोबर दहा वाजता स्वयंपाकघरातली पितळी घंटा वाजते. अथर्व निळी चड्डी घालून डायनिंग टेबलाशी उभा राहतो, प्रार्थना होते, हजेरी होते, आणि त्या वेळात आईला आई म्हणायचं नाही, मॅडम म्हणायचं. सहामाहीनंतर तिने नवऱ्याला पालकसभेला बोलावलं. तो बिचारा भरवेलीच्या खाणीतून ड्यूटी करून आला होता. त्याला पाच मिनिटं बाहेरच्या खोलीत थांबावं लागलं, कारण मॅडम अजून वर्गात होत्या. माझ्या शेडमध्ये अथर्व पहिल्यांदा आला तेव्हा सोडा-व्हिनेगर उतू जात असताना त्याने आईकडे बघून करंगळी वर केली. मला हसू आवरेना. किरणही हसली, पण तिने परवानगी दिल्यावरच तो गेला.

आता जान्हवीची गोष्ट सांगते, कारण खरं तर तेवढ्यासाठीच मी लिहायला बसले.

जान्हवी अकरा वर्षांची. तिचे वडील अतुल पूर्वी मलाजखंडला एका ठेकेदाराकडे इंजिनियर होते, आता गावात सौर पॅनेलचं दुकान चालवतात. आई बँकेत आहे आणि रविवारी सकाळी झोपणं हा तिचा हक्क आहे, त्यामुळे मुलीला घेऊन अतुलच यायचे. असा बाप मी पाहिला नाही, आणि हे कौतुकाने म्हणतेय. मुलीसाठी दुकान दुपारपर्यंत बंद ठेवणारा, रात्री जागून तिच्यासाठी पुठ्ठ्याची वैनगंगा बनवणारा, तिच्यावर धरणसुद्धा बांधणारा माणूस. धरणाचे दरवाजे उघडायचे, मिटायचे. जान्हवीने काय केलं त्यात, असं मी विचारलं. तिने डिंकाची बाटली धरली होती.

अतुलचे हात मागे राहायचेच नाहीत. नियम त्यांना मान्य होता, इतर पालकांनाही ते तो नियम समजावून सांगायचे, पण मुलीचा हात थोडा थरथरला की यांचा हात निघालाच. "असं नाही बेटा, असं धर." "थांब, सांडन." "हळू, हळू." जान्हवी कधी चिडली नाही. ती फक्त अर्धं पाऊल मागे सरकायची आणि बाबांना लागेल ते एकेक हातात द्यायची. ऑपरेशनच्या टेबलाशी नर्स असते तशी. डॉक्टर खूश असायचे.

गेल्या जूनमध्ये लामत्याहून तिचे आजोबा आले. धानाची शेती, अंगात पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, आणि गावच्या शाळेच्या समितीत इतकी वर्षं बसलेले की समितीच त्यांच्यात बसलीय असं वाटावं. आपल्या पोराला शिकवून इंजिनियर केलं, आणि त्या पोराने स्वतःच्या मुलीला शाळेतच घातलं नाही, हे त्यांना नातेवाइकांत सांगता येत नव्हतं. लग्नकार्यात कुणी विचारलं, नात कितवीत हाय, की म्हातारा विषय बदलून पावसावर यायचा. आता त्यांनी ठरवूनच टाकलं होतं. मी जिथे शिकवत होते त्याच शाळेत ते परस्पर बोलून आले होते. जुलैत पोरीचं नाव घालायचं. अतुलने हातापाया पडून एक सवलत मिळवली: आजोबांनी एकदा माझी कार्यशाळा बघावी, मग काय ते ठरवावं. पोरगी काही शिकलेली दिसली तर घरी, नाही तर शाळा.

शनिवारी संध्याकाळी अतुल माझ्याकडे आले. बराच वेळ पाण्याच्या मोटारीबद्दल बोलले. मग हळूच विचारलं की मॅडम, उद्या कोणता प्रयोग घेऊन राह्यल्या?

मी म्हटलं, कशाला?

"नाही, जरा तयारी करून घेतली असती तिची."

परीक्षेने मुलं मरतात, असं हा माणूस दर रविवारी चहाच्या वेळी सांगायचा. आता तोच पेपर फोडायला आला होता. मी सांगितलं नाही. पण टेबलावर खलबत्ता आणि काळे दगड पडले होते, आणि अतुल इंजिनियर होते.

दगड म्हणजे मँगनीज. आमच्याकडे त्याची काही नवलाई नाही. भरवेलीकडच्या रस्त्याला ट्रकमधून सांडलेले खडे लहानपणापासून पायाखाली येतात. पण या खड्याची पूड परीक्षानळीत टाकून वर जखम धुवायचं हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, की फसफसून बुडबुडे येतात. तो प्राणवायू असतो. विझत आलेली, नुसती लाल टोकाची उदबत्ती नळीच्या तोंडात धरली की ती पुन्हा भपकन पेटते. आणि गंमत म्हणजे दगड संपत नाही. पूड धुऊन वाळवली की पुढच्या रविवारी तीच पुन्हा चालते. औषधातला प्राणवायू दगड फक्त लवकर बाहेर काढतो, स्वतः जिथल्या तिथे राहतो. मुलांना हे फार आवडतं.

रविवारी आजोबांना मी खुर्ची दिली आणि दारावरचा नियम वाचून दाखवला. त्यांनी हात मागे घेतले. मग जान्हवी पुढे आली आणि मी काही विचारायच्या आधीच तिने उत्प्रेरकाची व्याख्या घडाघडा म्हटली, हिंदीत आणि मराठीत. अतुलचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. आजोबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हे तं आमच्या लामत्याच्या शाळेतही सांगते. त्याच्यासाठी पोरगी घरी काहून ठेवाची?"

अतुलचा चेहरा उतरला. मलाही त्यांची कीव आली, पण म्हातारा चूक बोलत नव्हता.

मी जान्हवीला खलबत्ता दिला. तिने खडा टाकला, बत्ता उचलला, पहिला घाव घातला आणि खडा उडून आजोबांच्या चपलेपाशी गेला. असं व्हायलाच हवं होतं. दुसऱ्यांदा तिने वरून हात झाकला असता किंवा फडकं मागितलं असतं. पण तेवढ्यात अतुल पुढे झाले. "आण, मी दाखवतो." त्यांनी फडकं घातलं, तालात कुटलं, पीठ केलं. जान्हवी अर्धं पाऊल मागे. पूड नळीत घातली अतुलने. औषध ओतलं अतुलने, कारण ते कपड्यावर सांडलं तर रंग जातो. मी दोनदा म्हटलं, हात मागे. ते दोनदा हो म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. मुलीचं घरी शिकणं त्या नळीत बुडबुडतंय असं त्यांना वाटत होतं, आणि एका अर्थी ते खरंच होतं.

नळी फसफसली. मी उदबत्ती जान्हवीच्या हातात दिली. आणि माझ्या कल्पनेत नव्हतं ते घडलं. आजोबा खुर्चीतून उठले. हात मागे होते ते कधी पुढे आले त्यांनाही कळलं नसावं.

"आण वं, मी लावून पाहतो."

जान्हवीने उदबत्ती देऊन टाकली. म्हाताऱ्याने ती नळीच्या तोंडाशी धरली आणि ज्योत भपकन उठली. ते दचकून मागे झाले, मग इतके हसले की दुपट्टा खाली पडला. "अरे, हा तं आपल्या भरवेलीचा गोटा! सारी जिंदगी याच्यावर पाय देऊन चालत गेलतो मी." फुंकर मारून त्यांनी ज्योत विझवली, पुन्हा धरली. पुन्हा पेटली. मग त्यांना दुसरी नळी हवी झाली. पोरं भोवती गोळा झाली, म्हातारा मधे, आणि शेजारच्या काकू भिंतीवरून निम्म्या इकडे आलेल्या. इतका आनंद मी त्या शेडमध्ये क्वचित पाहिलाय.

दम खात आजोबा खुर्चीत बसले आणि अतुलला म्हणाले, "राहू दे लेका पोरीले घरीच. असं शाळेत कुठी होते? मी उद्या जाऊन त्या मास्तरले नाही म्हणून सांगतो."

अतुलच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वाकून वडिलांच्या पायाला हात लावला. मी चहा ठेवला. सगळं पार पडलं होतं, आणि पार पडलेलं सगळ्यांनाच आवडलं होतं.

जान्हवी नळापाशी पूड धुवत होती. गाळणीत काळा गाळ उरला होता, तो ती कागदावर नीट पसरत होती. ते काम तिच्याकडून कुणी घेतलं नव्हतं, कारण धुण्याकडे कुणाचं लक्षच नव्हतं. ती तिथूनच म्हणाली, "आजोबा, मले शाळेत जाचं हाय."

आधी कुणाला ऐकूच आलं नाही. तिने हात पुसले, जवळ आली आणि पुन्हा तेच म्हणाली.

आजोबा गोंधळले. "काहून वं माय? इथं तं किती मजा हाय."

"हौ. पण तिथं बाबा नाही येत."

त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. नळीत पाणी किती आहे हे सांगावं तसं ती सांगत होती. अतुलच्या हातात अजून बत्ता होता. तो त्यांनी अगदी हळू टेबलावर ठेवला.

"मी तं तुले मदत करतो न, बेटा."

"हौ, बाबा," जान्हवी म्हणाली. "सारं तुम्हीच करता."

चहा उतू गेला. मी गॅस बंद करून बाहेर आले. आजोबांनीच शेवटी माझा धावा केला. "मॅडमबाई, तुम्ही सांगा. तुम्ही त्या शाळेतही होत्या, न इथंही आहा. पोरगी कुठी ठेवू?"

आता काय सांगणार? शाळेत घाला म्हटलं तर ही शेड कशाला उभारली, आणि घरी ठेवा म्हटलं तर ती शाल कशाला घेतली. शिवाय त्या शाळेतली प्रयोगशाळा मला जितकी ठाऊक होती तितकी इतर कुणालाच नव्हती. मी म्हटलं, काकाजी, आज इथे विचार करून बोललेलं माणूस एकच आहे, तिचंच ऐका. हे उत्तर हुशारीचं होतं, आणि सगळ्यांनी ते माझं मोठेपण मानलं. जान्हवी मात्र माझ्याकडे बघत होती. तिला वाटलं असेल, मॅडमही पाठीशी आहेत, म्हणजे तिथे चांगलंच असणार. त्या नजरेचं मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

जुलैत तिचं नाव शाळेत घातलं गेलं.

मग एक मजेशीर गोष्ट झाली. पुढच्या रविवारी अतुल एकटेच आले. दारात उभे राहून म्हणाले की सवय झाली हो मॅडम, घरी करमत नाही. मी त्यांना म्हटलं, या, पण पालक म्हणून आता तुम्हाला इथे जागा नाही. ते मुलांच्या रांगेत चटईवर बसले. तेव्हापासून येतात. घरी शिकणारा माझा सगळ्यात थोराड विद्यार्थी बेचाळीस वर्षांचा आहे, आणि खरं सांगायचं तर बऱ्यापैकी ढ आहे, कारण त्याला चुकायची सवय नाही. पहिल्या महिन्यात त्यांनी लंबक टांगला तो कधीच सरळ हलला नाही. अथर्व त्यांना म्हणाला, "काका, आप रहने दो, मैं कर देता हूँ." अतुलनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला तोंड फिरवून हसावं लागलं.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी जान्हवी आली. सायकलवर, एकटी, दोन वेण्या घालून, आणि बोलण्यात थोडी हिंदी जास्त झालेली. शाळा आवडते म्हणाली. मैत्रिणी आहेत, डबा वाटून खातात, खो-खोच्या संघात आहे. मला बरं वाटलं. मग जे विचारायचं मी चार महिने टाळत होते ते विचारलं. प्रयोग काय काय केले?

"सर करते, आमी पाहतो," ती म्हणाली. "काचा फुटते म्हणून अलमारीले कुलूप हाय."

चावी कुठे टांगलेली असते ते तिने सांगायची मला गरज नव्हती. ती थोडा विचार करून पुढे म्हणाली, "तिथंही एक बाबा हाय, मॅडम. साऱ्या वर्गाले मिळून एकच."

चटईवर बसलेल्या अतुलनी ऐकलं. मी मँगनीजची डबी काढली, तिच्याच हाताने जूनमध्ये धुतलेली पूड तिच्यात होती. परीक्षानळी तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, कर.

तिला नळी धरायची सवय नव्हती. ती तिला कुणी लावलीच नव्हती. पूड तोंडाशीच अडकली, तिने झटका दिला, नळी टेबलाच्या कडेला लागली आणि फुटली. आवाज मोठा झाला. जान्हवीने दचकून आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. अतुल अर्धवट उठले होते. मला दिसलं, त्यांचा उजवा हात निघालाच होता. तो त्यांनी डाव्या हाताने धरला, पाठीमागे नेला आणि खाली बसले.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझाही हात टेबलापर्यंत गेलाय. तो मी मागे घेतला. जान्हवीने झाडू आणून काचा गोळा केल्या, फ्रॉकला हात पुसले आणि दुसरी नळी उचलली.